तिकडे सगळं पळतं

नोव्हा स्कोशियात, नदी समुद्राला मिळते तिथे,
आर्डिथ कॉमो दुकान पळवते.
आमच्याकडे दुकान चालतं,
नाही चाललं तर बसतं.
तिचं पळतं. 'रन' म्हणते ती,
आणि स्वतः स्टुलावरून हलत नाही.
भोवती खिळे, दोर, गमबूट, मिठाची पोती,
गल्ल्यावर मांजर.

मी वरच्या खोलीत भाड्याने राहायचो.
काम होतं मासे मोजायचं.
मे महिन्यात गॅस्परो खाऱ्या पाण्यातून गोड्यात चढतात,
लाखांनी, अंगाला अंग घासत.
त्यालाही रनच.
बंधाऱ्याच्या शिडीपाशी उभा राहायचो,
मुठीत मोजणी-यंत्र:
एक मासा, एक टिक.
पळायला पाय लागतात असं नाही,
हे तिथे पहिल्याच दिवशी कळलं.

'नळ पळतोय रे!' आर्डिथ खालून ओरडायची.
मी जिना उतरून बंद करून यायचो.

ग्वेनच्या लाल स्वेटरचा रंग धुण्यात पळाला
आणि नवऱ्याचे अकराच्या अकरा बनियन गुलाबी झाले.
आमच्याकडे रंग नुसता जातो,
कुठे, ते सांगत नाही.
तिच्या मोज्यातून एकदा चर्चच्या पायरीवर
घोट्यापासून गुडघ्यापर्यंत रेघ पळाली,
ती वाकून बघेपर्यंत नाकही पळायला लागलं होतं.
तिचा भाऊ कौन्सिलसाठी पळत होता त्या वर्षी.
मी म्हटलं, आम्ही निवडणुकीला उभे राहतो.
'आणि मग?'
मग बहुतेक जण पडतात.
हे तिला फार आवडलं. भावाला सांगितलं तिने.
तो पडला.

आर्डिथचा नवरा डेल्बर्ट मात्र
कधी एक पाऊल पळाला नाही.
सातव्या वर्षी पोलिओ.
डावा पाय वल्ह्याच्या दांड्याएवढा,
त्याला लोखंडी पट्ट्या, चामड्याचे बंद.
बोट पळवायचा, तीही एकट्याने,
लॉबस्टरचे सापळे ओढायचा बसल्या बसल्या.
आजोबांनी बंदीच्या काळात
धुक्यातून रम पळवली होती म्हणे.
'आमच्या घराण्यातच पळतं हे,'
म्हणायचा, आणि पट्ट्यांचे बंद सोडायचा,
एकेक, सावकाश,
टिक. टिक.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात डेल्बर्ट गेला.
वय एक्क्याऐंशी.
चर्चमागच्या हॉलमध्ये अंड्याची सँडविचेस,
कागदी कपांत चहा, ओल्या कोटांचा वास.
आर्डिथचा हात हातात घेऊन
एकेक जण तेच म्हणत होता:
हॅड अ गुड रन, आर्डिथ.
हॅड अ गुड रन.

मी मनात मराठी शोधत होतो.
सोनं झालं? तेही नाही.
चांगली धाव झाली? छे.

नवव्या-दहाव्या माणसाला
आर्डिथने रुमाल तोंडाशी धरला.
खांदे हलायला लागले.
ग्वेनने तिला कवेत घेतलं, पाणी मागवलं,
मला खुणेने बोलावलं.
जवळ गेलो तेव्हा कळलं, ती हसतेय.
डोळ्यांतून पाणी, श्वास लागलेला,
माझ्या कानाशी म्हणाली,
'शाळेत शर्यती असायच्या ना,
तेव्हा डेल्बर्ट बाकावर बसून
सगळ्यांचे कोट सांभाळायचा.
हेच सगळे.
ह्यांचेच कोट.'

संध्याकाळी बंधाऱ्यावर गेलो.
मासे थांबले नव्हते, ते कशाला थांबतील.
अंधार पडेपर्यंत मोजले.
मधेच आकडा चुकला, तसाच राहू दिला.

परतलो तर दुकानाला कुलूप,
मागच्या स्वयंपाकघरात दिवा.
जिना चढताना ऐकलं,
आत नळ पळत होता.
बराच वेळ पळत होता.

मी बंद करायला गेलो नाही.